मोठीचा टाक

अमरावती
१६ सप्टेंबर २०२५

जमुनाताईंना दुर्गाबाईचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण प्रणाली गेल्यापासून आपले फोन कसे होतात ते तुम्हाला माहीत आहे. आधी आकांक्षाचा सर्दी-खोकला, मग दोघींपैकी एकीचा हुंदका, आणि ठेवता ठेवता एखादा टोमणा. माझ्याच्यानं आता ते होत नाही. म्हणून लिहिते. मी सातवी शिकलेली, तुम्ही मास्तरीण. चुका काढू नका.

काल अविधवा नवमी केली. प्रणालीच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, साडी-चोळी दिली. आकांक्षानं पानात गुलाबजाम वाढायला लावले. म्हणे, मम्मीले आवडत होते. मग आम्ही दोघींनीही एकेक खाल्ला.

गोष्ट अशी की माझ्या किशोरचं पुन्हा लग्न ठरवलं. मुलगी अचलपूरची, पायल नाव. तिचा पहिला नवरा विजेच्या खांबावर काम करताना गेला. लेकरू नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसते, कमी बोलते. तुळशीचं लग्न झालं की देवळात उरकून टाकू, बँडबाजा काही नाही. तुम्ही म्हणाल, दोनच वर्षं झाली. मलाही मोजता येतं. पण ताई, माझे गुडघे गेले. सकाळी त्या लेकराची वेणी घालायला खाली बसते आणि उठता येत नाही. मग तीच मला हात देऊन उठवते. सहा वर्षांचं लेकरू ते, त्यानं मला उठवावं का?

आता टाकाचं. बिजवराच्या बायकोनं मोठीचा, म्हणजे गेलेल्या पहिलीचा, टाक गळ्यात घालायचा, ही आपल्या दोन्ही घरची रीत. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची मूर्ती उठवलेली, काळ्या पोतीत ओवायचा. प्रणाली एकोणतिसाव्या वर्षी गेली आणि पायल चौतीसची आहे, तरी आता प्रणालीच मोठी. आमच्या घरात हा टाक चांदीचा करतात. तुम्हाला विचारून करावा असं वाटलं. काय म्हणणं आहे ते कळवा.

दुर्गाबाई


जठारपेठ, अकोला
२५ सप्टेंबर २०२५

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. बातमी मात्र पत्राच्या आधीच मिळाली होती. व्हिडिओ कॉलवर आकांक्षा बोलून गेली, "आजी, आमच्या घरी नवी मम्मी येऊन राहिली. तिनं मले रंगपेटी आणली." मी हसले, रंग कोणते कोणते आहेत ते विचारलं. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून बसले. आमच्या ह्यांना वाटलं, कपडे धुते आहे.

लग्नाला माझी ना नाही. तुमचे गुडघे मला दिसतात, आकांक्षाच्या वेण्याही दिसतात. कोणीतरी यायलाच हवं. ती मुलगी चांगली असो, एवढंच मी देवाजवळ मागते, आणि तेही मनापासून मागवत नाही, हे तुमच्यापासून काय लपवू?

पण टाक सोन्याचाच हवा. चांदी आपण पायात घालतो, विहीणबाई. जोडवी चांदीची, पैंजण चांदीचे. नव्या सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र सोन्याचं असणार आणि त्याच्या बाजूला माझी लेक चांदीची. बघणारा काय म्हणेल? जितीला सोनं आणि मेलीला चांदी. तुमच्या घरात सहा वर्षं तिनं काही चांदीचा संसार केला नाही.

भाव लाखाच्या वर गेला आहे, पेपर मीही वाचते. पण नखाएवढ्या पत्र्याला लागून लागून किती सोनं लागणार? प्रणालीची एकदाणी तुमच्याकडेच आहे, तिच्यातले दोन मणी काढले तरी होईल. आता तिच्यासाठी मी आणखी काय मागणार आहे? हे एकच मागते.

जमुना


अमरावती
६ ऑक्टोबर २०२५

जमुनाताई,

दसऱ्याच्या दिवशी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि पुन्हा राग आला. म्हणून चार दिवस थांबून लिहिते.

एकदाणीला मी हात लावणार नाही. ती आकांक्षाची आहे. तिच्या लग्नात तिच्या गळ्यात घालीन, नाहीतर मी नसले तर तुम्ही घाला. त्यातला एक मणीही निघणार नाही.

आणि चांदीचं म्हणता, तर ऐका. मी चिंगूसपणा करत नाही. ती एकदाणी आत्ता कुठं आहे? बँकेच्या लॉकरमध्ये. माझी ठुशी कुठं आहे? लॉकरमध्ये. आमच्या शेजारची आशाबाई सकाळी दूध आणायला गेली तेव्हा मोटरसायकलवाल्यानं तिची पोत ओढून नेली, मानेला अजून वळ आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणाच्या गळ्यात सोनं दिसत नाही. सगळ्या बाया काळे मणी घालून फिरतात. पायल नोकरी करणारी बाई, ती सोन्याचा टाक घालून रस्त्यानं जाईल का? आठ दिवस घालील, मग किशोरच म्हणेल, आई, ठेवून दे लॉकरमध्ये. मग प्रणालीनं तिथं अंधारात लोखंडी पेटीत राहायचं का? वर्षातून एकदा सही करून तिला बाहेर काढायचं का?

चांदी कोणी ओढत नाही, कोणी विकत नाही. गळ्यात राहते. घामानं काळी पडते, मग घालणारीला बसून पुसावी लागते. पुसताना ती कोणाची आहे हे आठवतं. माझ्या सासूबाईंच्या गळ्यातही त्यांच्या मोठीचा टाक होता. दर सोमवारी राखेनं घासायच्या आणि घासताना त्या बाईशी बोलायच्या. कधी कधी भांडायच्याही. एवढंच माझ्या मनात होतं.

किशोर म्हणाला, "कावून भांडून राहिल्या तुमी दोघी? वन ग्रॅमचा करून टाका, सोन्यासारखाच दिसते." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो ताट घेऊन उठला. सोनार म्हणतो पंचधातूचा करा, वाद मिटेल. वाद काय धातूचा आहे?

थकले मी, ताई. तुम्हीही थकला असाल.

दुर्गाबाई


जठारपेठ, अकोला
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र उशीखाली ठेवून दहा-बारा दिवस काढले. लॉकरचं वाचल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता. माझी मुलगी लहानपणी अंधाराला भीत असे, संडासचा दिवा गेला तर मला दाराशी उभं करून गाणं म्हणायला लावायची. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही नेमकं तेच लिहिलंत.

तुम्ही जिंकलात. चांदीच ठीक.

पण मग तो मीच करून पाठवावा असं मनात आलं. आईनं मुलीला द्यायची शेवटची वस्तू ती. कपाटात तिच्या बाळपणीचा डबा आहे, तो उघडला. झबलं, जावळ ठेवलेली पुडी आणि तिचे चांदीचे वाळे. पहिल्या वर्षी घातले होते. आकांक्षालाही तेच घातले होते, आठवतं? मी ते आमच्या सोनाराकडे नेले आणि समोर बसून आटवून घेतले. टाक छान झाला आहे. मूर्तीचं नाक थोडं बसकं आलं आहे, प्रणालीचं तसंच होतं. नवा पत्रा नाही, तिचीच चांदी आहे.

आमचे हे भाऊबीजेनंतर तिकडे येतील, तेव्हा घेऊन येतील. पत्र आधी पोस्टात टाकते, म्हणजे तुम्ही दुसरा करायला टाकणार नाही.

जमुना


अमरावती
१८ ऑक्टोबर २०२५

जमुनाताई,

आज धनत्रयोदशी. सोनाराकडून आत्ताच आले.

मागचं पत्र टाकल्यावर मला चैन नव्हतं. माझं सगळं खरं होतं, पण तुमची एकच मागणी होती आणि मी तिच्यावर लॉकर फेकून मारला. मेलेल्या पोरीची माय एक गोष्ट मागते आणि मी तिला चांदीचे गुण सांगत बसले.

तर टाक सोन्याचाच केला. एकदाणीला हात लावला नाही. माझ्या हातात एक पाटली होती, लग्नातली. मनगट सुजल्यानं निघेना, लग्नाच्या खरेदीला आलेल्या पायलनं साबण लावून काढली. सोनारानं तिच्यातला तुकडा घेऊन टाक उठवला, उरलेलं सोनं परत दिलं. पायल बाजूला उभी राहून सगळं पाहत होती. चोरांचं काय करायचं ते पुढं बघू.

आता तुमच्या मनासारखं झालं. दिवाळी करा. आकांक्षानं तुमच्यासाठी पणती रंगवली आहे.

दुर्गाबाई


अमरावती
२८ ऑक्टोबर २०२५

जमुनाताई,

रामरावभाऊ येऊन गेले. त्यांनी खिशातून कापसात गुंडाळलेला चांदीचा टाक काढला आणि मी देव्हाऱ्यातून सोन्याचा काढला. भाऊ दोन्हीकडे पाहत राहिले, मग हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. मी चहा ठेवायला आत गेले. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. दिवाळीचं टपाल कुठं अडकलं होतं कोण जाणे.

आता खरं सांगू का? तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. वाळे आटवले? ताई, पायातली चांदी ती. पायातल्या चांदीचा देव करत नाहीत, गळ्यात घालत नाहीत. हळद-कुंकू कसं लावायचं त्याला? चांदी पायात घालतात म्हणून तुम्हीच माझ्याशी महिनाभर भांडलात, आणि पायातलीच चांदी काढून दिलीत! शिकलेल्या बाईनं एवढं कसं विसरावं?

मग संध्याकाळी वाटलं, ती सोनाराच्या पुढ्यात बसून आपल्या लेकराचे वाळे आटताना पाहत होती, तिला कशाचं भान राहिलं असेल? मी बोलले ते सोडून द्या.

पण आता दोन टाक आहेत आणि गळा एकच. माझ्या पाटलीचा सोन्याचा तर आहे, पण त्यात प्रणालीचं काही नाही. तुमचा तिचाच आहे, पण पायातला. दोन घालता येत नाहीत, लोक म्हणतील दोन बायका मेल्या. मी दोन्ही डबीत घालून पायलसमोर ठेवले आहेत. म्हटलं, बाई, तुझा गळा आहे, तूच ठरव. माझं डोकं आता चालत नाही.

दुर्गाबाई


अमरावती
२ डिसेंबर २०२५

आई,

तुम्हाला काय म्हणावं ते कळत नव्हतं. आकांक्षा आजी म्हणते, म्हणून मी आई लिहिते. नको वाटलं तर सांगा.

तुम्ही लग्नाला आला नाहीत, ते बरोबरच केलंत. मी तुमच्या जागी असते तर आले नसते. लग्न अर्ध्या तासात झालं. आकांक्षा माझ्या मांडीवर झोपून गेली होती.

टाक मी चांदीचा घातला आहे. सासूबाई म्हणाल्या, "पायातली चांदी हाय ते, पाहून घे." मी म्हटलं, लहान लेकराच्या पायातली आहे. लहान लेकराच्या पायाचे आपण मुके घेतो, त्याला कोणी पाय म्हणतं का? मग त्यांनी स्वतःच कुंकू आणून टाकाला लावलं. आकांक्षा झोपताना तो टाक मुठीत धरते. पोत ओढली जाते, मला गळ्याला काचतं, पण सोडवत नाही.

हे कळवायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. आता आणखी एक गोष्ट लिहिते. कोणाजवळ बोलू असं झालं आहे. माझ्या आईजवळ बोलले तर ती म्हणते, मागचं काढू नको.

मी अचलपूरहून निघाले तेव्हा माझ्या पहिल्या सासूबाईंना भेटायला गेले होते. पार्बताबाई त्यांचं नाव. गोपाल त्यांचा एकच लेक. दारात उभ्या होत्या, घरात ये म्हटलं नाही, दारही लावलं नाही. मी पाया पडले. तर म्हणाल्या, "जाय माय, सुखी राय. तुह्या गळ्यात त्या मोठीचा टाक राहीन, तिची माय ते पाहीन. माह्या गोपालले तुह्या गळ्यात कोन राहू देईन? बाईले रीत आहे. माणसाले नाही."

चार वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. गोपालच्या डब्यात त्या रोज चटणीची वेगळी पुडी द्यायच्या. तो गेला त्या दिवशीही दिली होती.

मी काही मागायला लिहीत नाही. टाक पुसायला बसते तेव्हा तुमची मुलगी आठवते. मी तिला पाहिलेलंही नाही, तरी आठवते. आणि मग गोपाल आठवतो, आणि वाटतं की ह्या घरात बसून त्याची आठवण काढणं म्हणजे चोरी आहे. एवढंच.

पायल


अमरावती
१५ डिसेंबर २०२५

जमुनाताई,

तुमचं पत्र आलं. तुम्ही विचारता की माझ्या पाटलीचा तो टाक डबीत पडूनच आहे, तर ते सोनं, नाहीतर दुसरं काही, पायलच्या पहिल्याच्या नावानं तिच्या पोतीत ओवलं तर चालेल का.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार राग आला. म्हटलं, ह्या बाईला झालं तरी काय? माझ्या पोराच्या बायकोच्या गळ्यात परक्या माणसाचं नाव! अशी रीत ना तुमच्या अकोल्यात ना आमच्याकडे. आणि हे सांगायला तुम्ही कोण? त्या दिवशी पायलशी बोलले नाही, भाजीत मीठही जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी किशोरला पत्र वाचायला दिलं. मला वाटलं, तोच भडकेल म्हणजे मला काही लिहावं लागणार नाही. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आई, मी रोज तिच्या गळ्यात प्रणालीले पायतो. मले बरं वाटते. तिले कावून वाटू नये?" आणि डबा घेऊन कामावर गेला.

मग मी एकटीच बसले. तुम्हाला खरं सांगू, तुम्ही टाकासाठी भांडलात तेव्हा मला वाटायचं, मेलेल्या माणसासाठी जित्यांना किती छळता. आता तीच बाई दुसरीच्या लेकासाठी भांडते आहे, तर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

माझी ना नाही. सोनं माझं आहे, द्यायलाही मीच मोकळी आहे. पण धातू कोणता घ्यायचा आणि टाक करायचा की नुसता मणी, हे आपण ठरवायचं नाही. त्याच्या आईला विचारा. मी विचारणार नाही, मला अजून एक पत्र लिहिणं होत नाही. तुम्ही मास्तरीण, तुम्हीच लिहा. पत्ता पायलकडून घेतला आहे, मागे लिहिला आहे.

दुर्गाबाई


जठारपेठ, अकोला
२२ डिसेंबर २०२५

पार्बताबाईंना नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी जमुना. अमरावतीच्या किशोरची पहिली बायको प्रणाली, ती माझी मुलगी. तुमची पायल आता माझ्या नातीच्या वेण्या घालते आणि गळ्यात माझ्या मुलीचा टाक घालते. हे पत्र वाचून दाखवायला कोणी नसेल तर पायल म्हणाली की ती स्वतः येऊन वाचून दाखवील.

तुम्ही दारात तिला जे बोललात ते मला कळलं. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. गोपालच्या डब्यातल्या चटणीच्या पुडीबद्दल सांगितलं, आणि ओघात तेही आलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. माझ्या मुलीसाठी रीत होती, म्हणून मला भांडता तरी आलं. तुम्हाला भांडायलाही कोणी ठेवलं नाही.

आम्ही दोघी विहिणींनी ठरवलं आहे, आणि किशोरचंही म्हणणं तेच आहे, की तुमचा गोपालही पायलच्या पोतीत राहावा. रीत नाही हे खरं. त्यामुळे कसं करतात तेही कोणाला माहीत नाही. तेवढ्यासाठीच तुम्हाला विचारते आहे.

सोनं की चांदी? ह्यावरून आम्ही दोघी दोन महिने भांडलो आहोत, तेव्हा आम्हाला त्यातलं थोडं कळतं. सोनं शोभतं, पण लॉकरमध्ये जाऊन पडतं. चांदी गळ्यात राहते, काळी पडते आणि पुसावी लागते. पायल पुसते. दुर्गाबाईंच्या पाटलीचं सोनं तयार आहे, मागायला संकोच करू नका.

पण तुमच्या घरात त्याच्या लहानपणचं काही असेल, करदोट्याची घुंगरं, वाळे, काहीही, तर ते सगळ्यात बरं. पायातलं असलं तरी चालेल.

तुमची
जमुना